चाखमास्तर

चाखमास्तरांनी आयुष्यभर जेवढं चाखलं, त्यातलं जवळजवळ सगळं थुंकून टाकलं. सुरतेजवळ पलसाण्याच्या आमच्या डाइंग मिलमध्ये ते रंगमास्तर होते. पाण्याचा टँकर आला की अर्धी ओंजळ तोंडात घ्यायचे, मिठाची पोती आली की चिमूटभर मीठ, ॲसेटिक ॲसिड आलं की भरपूर पाण्यात पातळ करून एक थेंब. तोंडात घेतलं की नजर वर पत्र्याकडे जायची, गाल दोन-तीनदा हलायचे आणि मग डावा हात बाजूला यायचा. त्या हातात मी स्टीलची वाटी द्यायची. जळगावहून केमिस्ट्रीची एम.एस्सी. करून आलेली मी, मिलच्या लॅबमधली पहिली बाई, आणि माझं पहिलं काम काय, तर मास्तरांच्या थुंकीची वाटी धरणं! पहिले आठ दिवस मी घरी जाऊन रोज आईशी भांडले.

माझा राग गेला तो एका टँकरमुळे. टँकरवाला छातीवर हात ठेवून सांगत होता की पाणी कालव्याचं आहे. मास्तरांनी घोट तोंडात फिरवला, थुंकले आणि म्हणाले, "कॅनालनुं नथी, भाई. खाडीकडच्या बोअरनुं छे." ते असंच बोलायचे, अर्धं गुजराती, अर्धं मराठी, आणि समोरच्याला सगळं समजायचं. मी ऐटीत नमुना तपासायला घेतला. पाऊण तासाने माझा रिपोर्ट तयार झाला आणि तो शब्दाशब्दाला मास्तरांच्या बाजूने होता. त्या पाण्यात साड्या रंगवल्या असत्या तर अख्खा लॉट ठिपक्यांनी भरला असता. दुसऱ्या दिवसापासून ती वाटी मी कुणी न सांगता धुऊन, पुसून ठेवू लागले.

या जिभेसाठी मास्तर जे सोसायचे ते पाहून आमच्या मंडळींना त्यांची कीव यायची. उधन्याहून मिलच्या बसने येणारे आम्ही बहुतेक खानदेशी. आमच्या डब्यांत शेवभाजी, ठेचा, कळण्याची भाकरी. मास्तरांच्या डब्यात बिनफोडणीचं वरण आणि भात. तंबाखू नाही, पान नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा आणि कोमट. "मास्तर, तुम्ही नक्की धुळ्याकडचेच ना?" असं कुणी चिडवलं की ते शांतपणे म्हणायचे, "रविवारी घरी या, दाखवतो." मी एकदा गेले होते. हिरव्या मिरचीचा ठेचा भाकरीवर थापून ते खात होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि चेहऱ्यावर सणाचा आनंद होता. सोमवारी पुन्हा वरणभात.

एका गोष्टीला मात्र त्यांनी जीभही लावलेली नव्हती, ती म्हणजे दारू. त्यांना सुरतेला आणणारा त्यांचा थोरला भाऊ दारूतच गेला. त्याच्या तिरडीजवळ वहिनींनी दिराकडून वचन घेतलं होतं: दारूचा थेंब घशाखाली जाणार नाही. वहिनी नवापूरला माहेरी परत गेल्या. मास्तर दर महिन्याला त्यांना भेटायला जायचे आणि वचन पाळायचे. आमच्या शेठना हे ठाऊक नव्हतं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "खानदेशी ने? पगार थयो एटले बे दिवस गायब!" खानदेशी माणूस पगार झाला की दोन दिवस दारूत, असा त्याचा अर्थ; ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मास्तर नुसते हसायचे आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर असायचे.

नव्वदच्या दशकात सुरतेत परदेशी मशिनांचं वारं शिरलं. आमच्या शेठनी बेल्जियमचं एक डाइंग मशीन आणवलं आणि ते बसवायला पीटरसाहेब आले. उंच, लालबुंद, सतत घाम पुसणारे, पण कामाला वाघ. तीन महिने ते राहिले. त्यांचं इंग्रजी त्यांच्या गावचं, माझं जळगावच्या कॉलेजचं, तरी दुभाषी म्हणून मलाच पुढे केलं होतं. मास्तरांना पाणी चाखताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा साहेबांनी हातातला पाना खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तीन पेल्यांत तीन ठिकाणचं पाणी आणून त्यांनी मास्तरांपुढे ठेवलं. मास्तरांनी तिन्ही बरोबर ओळखली आणि वर सांगितलं की तिसरा पेला साबणाने धुऊन नीट विसळलेला नाही. साहेब तिथेच टेबलावर बसले आणि म्हणाले, "माझे वडील असेच होते."

मग चहाच्या सुट्टीत ती हकिगत कळली. त्यांच्या गावी वडिलांची लहानशी भट्टी होती. तिथे एक काळी, जड बिअर व्हायची. तहान लागली म्हणून ढोसायची ती बिअर नव्हे. थंडीच्या दिवसांत रुंद तोंडाच्या पेल्यात ओतून एकच पेला तास-दीड तास पुरवायचा. तळाशी खमीर राहू देतात म्हणून बाटली बंद केल्यावरही ती लोणच्यासारखी आत मुरत राहते. वडील गेल्यावर धाकटा भाऊ तीच बिअर करू लागला. धान्य तेच, साखर तीच, खमीर तेच, पण गिऱ्हाईक एक घोट घेऊन पेला बाजूला ठेवायचं. काय हरवलं ते भावाला कळेना, साहेबांना कळेना. येत्या थंडीनंतर ती बिअर कायमची बंद करायची असं भावाने ठरवलं होतं. साहेबांनी परवान्यावर दोन बाटल्या सोबत आणल्या होत्या; एक भावाच्या हातची आणि एक वडिलांच्या हातची, शेवटची. "मास्तरांना विचार," ते मला म्हणाले, "ते मला सांगतील का, काय हरवलं?"

मी कसंबसं भाषांतर केलं. गुजरातेत दारूबंदी, तिथे तर हे शक्यच नव्हतं, पण मास्तरांची अडचण कायद्याची नव्हती. ते म्हणाले, "साहेबांना सांगा, ताई. बापाचं काम आहे, नाही म्हणवत नाही. पण आधी वहिनीला विचारावं लागेल."

एका रविवारी आम्ही तिघं सकाळच्या भुसावळ पॅसेंजरने निघालो. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. मास्तरांनी साहेबांना फलाटावरचं ते बाकही दाखवलं, ज्याचं एक टोक या राज्यात आणि दुसरं त्या राज्यात. साहेबांनी दोन्ही टोकांवर बसून पाहिलं, लहान मुलासारखं. महाराष्ट्राच्या बाजूला वहिनींच्या ओट्यावर आम्ही पोचलो तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मास्तरांनी काही न लपवता सगळं सांगितलं. वहिनींनी परक्या पाहुण्याकडे पाहिलं, पिशवीतल्या बाटल्यांकडे पाहिलं, आणि सूप बाजूला ठेवलं. "जीभ तुमनी शे, भाऊ, पन वचन मनं शे," त्या म्हणाल्या. "चाखा. गियू नका." जीभ दिराची, वचन त्यांचं; चाखायचं, पण गिळायचं नाही. आणि वाटीतलं नीट दिसेल अशा बेताने समोर पाट घेऊन बसल्या.

यापुढचं लिहिताना अजून कानशिलं तापतात. लॅबमधून मी दोन नवे काचेचे बीकर आणले होते, रंग दिसावा म्हणून खाली पांढरं कापड अंथरलं होतं. भावाची बाटली साहेबांनी स्वतः उघडून हलक्या हाताने ओतली. दुसरी त्यांनी मानाने माझ्या हातात दिली. मी पाहिलं तर तळाशी गाळ बसलेला. आमच्या लॅबमध्ये पॉलिएस्टरच्या रंगांच्या बाटल्या असतात. त्यांचा रंग तळाशी बसतो आणि हलवल्याशिवाय उघडलं की शेड चुकते. मास्तरांनी ते माझ्या इतकं अंगवळणी पाडलं होतं की मी विचारही केला नाही. साहेब "नो, नो" म्हणेपर्यंत मी बाटली चांगली दहा वेळा हलवली होती आणि बूच उघडलं होतं. फेसाचा फवारा ओट्याच्या आढ्यापर्यंत गेला. साहेबांच्या वडिलांची शेवटची बाटली पांढऱ्या कापडावर, माझ्या साडीवर आणि वहिनींच्या तांदळांवर सांडली.

साहेब पायरीवर बसले आणि त्यांनी तोंड फिरवलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मास्तरांनी माझ्या हातातून बाटली घेतली, उरलेलं बीकरमध्ये ओतलं. जेमतेम चाळीस मिली, तेही गढूळ. "रडू नका," ते म्हणाले. "हलवायला मीच शिकवलं ना? चूक माझी. आणि मला कुठे प्यायचंय? एवढं पुष्कळ झालं."

आधी त्यांनी भावाची घेतली. नाकाशी धरली, घोट घेतला, नजर आढ्याकडे. मी वाटी पुढे केली. "खजूर आहे," ते म्हणाले, "गोड आहे, चांगली आहे. पण पाहुण्यासारखी येते आणि चहा घेऊन निघून जाते." मग कोऱ्या भाकरीचा तुकडा चावून थुंकला, चूळ भरली. वडिलांच्या बीकरचा गाळ बसेपर्यंत अर्धा तास आम्ही थांबलो. त्यांनी तो बीकर उन्हात धरला; काळ्यातून कडेला माणकासारखा लाल रंग निघाला. मग वास. "तव्यावर जरा जास्त राहिलेली भाकरी." मग घोट. गाल हलत राहिले, हलत राहिले. वहिनींची नजर त्यांच्या घशावर खिळली होती. वाटी पुढे झाली.

"भिजलेल्या मनुका," ते सावकाश म्हणाले. "लवंग, पण लवंग घातलेली नाही." साहेब म्हणाले, ते खमिराचं देणं. "मागून कडू येतं, गोडाला आवर घालतं. थुंकलं तरी छातीत ऊब राहते." ते थांबले आणि पुन्हा एकदा भावाची चाखली, पुन्हा वडिलांची. शेवटच्या दोन थेंबांसाठी त्यांनी बीकर उलटा केला. मग ओट्यावर बोट आपटलं. "ताई, दोन्हीत काकवी आहे. आमच्या गुऱ्हाळावर होते तशी, साखर आटवून काळी केलेली. पण ह्यांच्या बापाने ती विस्तवावर आटवली. कढई तळाला धरत होती आणि तो माणूस ढवळत होता. भावाची वाफेवर झालीये. वाफ सगळीकडे सारखी लागते, तळाला धरतच नाही. विस्तव गेलाय ह्यातून. साहेबांना विचारा, भट्टी बदलली का."

मी विचारलं. साहेब ओल्या कापडाकडे बघत म्हणाले, "बदलली. वडील गेल्यावर तांब्याची कढई काढून टाकली. वाफेचं भांडं बसवलं. मी स्वतः बसवून दिलं, भावाला भेट म्हणून." हे मी मराठीत सांगितलं तेव्हा वहिनी उठल्या आणि त्यांनी साहेबांपुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ही हकिगत शेठना स्वतःहून सांगितली. शेठनी मास्तरांकडे पाहिलं आणि विचारलं, "थुंकी नाख्युं? बधुं?" मीच पुढे होऊन उत्तर दिलं, "बधुं, शेठ, सगळं थुंकून टाकलं. आम्ही खानदेशी." खानदेशींच्या पगाराचं ते वाक्य त्यानंतर मिलमध्ये कधी ऐकू आलं नाही. त्या दिवसाइतक्या ताठ मानेने मी उधन्याच्या बसमध्ये कधीच बसले नसेन.

सव्वा वर्षाने साहेब मशिनाच्या देखभालीसाठी परत आले. तिकडे तांब्याची कढई कोठारातून काढून पुन्हा विस्तवावर चढवली होती, बिअर बंद करायचा बेत भावाने रद्द केला होता, आणि त्या कढईतल्या नव्या बिअरची एक बाटली घेऊन आम्ही पुन्हा त्याच ओट्यावर बसलो. यावेळी मी बाटलीला हात लावला नाही. मास्तरांनी घोट घेतला. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या, आणि अचानक म्हणाल्या, "आज गिया, भाऊ. मी सांगस." गिळायला सांगून त्या दिराला वचनातून मोकळं करत होत्या. मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं, डोळे भरून आले, पण हात सवयीने बाजूला आला. वाटीत थुंकून ते म्हणाले, "नको वहिनी. चव कळली, पुरे." मग माझ्याकडे वळून, "सांगा साहेबांना. बाप घरी आला." हे वाक्य मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही, पण साहेबांना ते माझ्या आधीच कळलं होतं.

पुढे मास्तर थकले आणि नवापूरला वहिनींजवळच राहायला गेले. दशक सरता सरता एका दुपारी निरोप आला म्हणून मी धावत गेले. ते ओट्याच्या आतल्या खोलीत आडवे होते, बोलणं बंद झालं होतं. वहिनींनी तापीचं पाणी चमच्याने त्यांच्या तोंडात घातलं. मास्तरांनी ते जिभेवर धरलं. नजर वर कौलांकडे गेली, गाल जरासे हलले, डावा हात चादरीवरून बाजूला सरकला. मी सवयीने उशाची वाटी उचलून पुढे केली.

त्यांनी मान हलवली, आणि ते पाणी गिळलं.