ज्याला छोटा रुपया चालत नव्हता

मैत्रिणींनो, आज मी इतकी खुश आहे की चहात दोनदा साखर घातली! फोनमध्ये बोलून लिहून राहिली, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या अधारतालचा किराणेवाला रुपयाचा छोटा सिक्का घेतच नाही. मागे चार बायांसमोर मला म्हणाला, "अम्मा, ये नहीं चलता. घर में सजा के रखो." सगळ्या हसल्या. काहून हसल्या? मी खरंच जपून ठेवते. दुसरीपर्यंत शिकली मी, अक्षरं अडखळतात, पण सिक्क्यावरची चित्रं बरोबर ओळखते. अंगठ्याचे, फुलाचे, कणसाचे, सगळ्यांचे वेगळे डबे आहेत.

आज त्याच्या मुलीचं लग्न. बरात्यांना एकशे एकचे लिफाफे द्यायचे, अन् वरचे रुपयेच कमी पडले! आला धावत. "अम्मा, सिक्के दे दो, इज्जत का सवाल है."

मी म्हटलं, "छोटे वाले हैं भैया. चलेंगे?"

"अरे, दौड़ेंगे अम्मा!"

शेजारणीला बोलावून तिच्यासमोर पुन्हा म्हणायला लावलं. मग त्याला बसवलं अन् एकेक डबा उघडून दाखवला. हा सिक्का माझ्या सासूबाईंचा, हा मोठ्याच्या मुंजीतला. तिकडे बँड वाजून राहिला, इकडे हा घाम पुसत "वाह अम्मा, वाह अम्मा" करतो!

शेवटी दिले हो, लेकीचं लग्न आहे. पण सगळे छोटेच दिले. मोठे रुपये पिशवीभर होते, ती पिशवी पलंगाखाली सरकवली.

खरं सांगा, तुम्ही काढली असती ती पिशवी?