शेजारचं घर

ऑफिसात त्याला सगळे एकपात्री म्हणत. कोड तोच लिहायचा, तपासायचा तोच आणि टाळीही तोच वाजवायचा. माणूस वाईट नव्हता हो. पण दुसऱ्याची एंट्री त्याला सोसायची नाही.

सी या संगणकभाषेच्या लायब्ररीतला सिग्नल-संच त्याने एकट्याने रचला होता. चालू प्रोग्रॅमला बाहेरून 'वेळ झाली', 'बंद हो' असं खुणावतात ते सिग्नल. संचात प्रत्येकाचं एकेक घर. घरात खूण केली, की तो सिग्नल दाराबाहेर ताटकळत राहायचा. संच तो भरायचा आणि वाचायचं कर्नेल, म्हणजे सगळे प्रोग्रॅम चालवणारा संगणकाचा गाभा. आणि कर्नेलच्या गटाची प्रमुख होती त्याचीच बायको.

"मला एकदा बघू दे ना," ती म्हणाली होती.

"बघायचंय काय? खूण करतो, परत विचारतो, उत्तर बरोबर येतं."

"विचारणारा तू, सांगणाराही तूच! आरशाला साक्षीला उभं करतोयस."

पुढे ग्राहकांकडचे प्रोग्रॅम बंदच होईनात. साहेबांनी भर बैठकीत विचारलं, "चूक कुणाची?"

"माझ्याकडे सगळं चोख आहे," तो खणखणीत आवाजात म्हणाला. बायको बघत राहिली. त्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

दोष कर्नेलवर आला आणि तिचं प्रमुखपद गेलं. इतरांच्या दुरुस्त्या तपासायला तिला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं.

महिन्याभराने त्याने आपला संच पहिल्यांदाच कर्नेलच्या नजरेने वाचला आणि घरं मोजत गेला. सिग्नल एकपासून मोजतात, घरं शून्यापासून. एक वजा करायचा राहिला होता. खूण करतानाही आणि विचारतानाही. म्हणून त्याचं त्याला सगळं जुळायचं. कर्नेलला मात्र 'वेळ झाली'ची खूण शेजारच्या 'बंद हो'च्या घरात दिसायची आणि 'बंद हो' बाहेरच ताटकळायचा.

दोन्हीकडे त्याने एक वजा केला. कारणाच्या जागी लिहिलं, "किरकोळ दुरुस्ती." ही दुरुस्ती तपासायला कोणत्या टेबलावर जाईल, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

संध्याकाळी ती घरी आली. पर्स खुंटीला अडकवत म्हणाली, "केली मंजूर. बरोबर आहे."

"अगं, मी साहेबांशी बोलणारच होतो..."

"मग बोल की. बैठकीत काय छान आवाज लागतो तुझा!"

त्याने फोन लावला. ती दारात उभी राहून ऐकू लागली.

"बोला," पलीकडून साहेब म्हणाले.

"काही नाही सर," तो घसा खाकरत म्हणाला, "ती दुरुस्ती... पोचली ना?"

आतल्या खोलीची कडी लागली.