म्हात्रेकाका पालथे पडतात

आयसीयूत कोणी हसत नाही, असा बाहेरच्यांचा समज असतो. ठाण्यात नर्स म्हणून इतकी वर्षं काढल्यावर माझ्याकडे एवढे किस्से साठलेत, की ठाकुर्लीला घरी पोचले की मुलगी म्हणते, "आई, आधी पेशंट कसाय ते सांग, मग हसव!"

हे किस्से बाळकुमच्या म्हात्रेकाकांचे. न्यूमोनियाने दोन्ही फुफ्फुसं सुजलेली, व्हेंटिलेटर लावलेला. काका वाचतील की नाही, हे आमच्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

*

सुजलेल्या फुफ्फुसात हवा बेतानेच सोडावी लागते. ती किती, हे उंचीवरून ठरतं. मी टेप घेऊन काकांना डोक्यापासून टाचेपर्यंत मोजायला लागले, तर काकू म्हणाल्या, "उंची कशाला? वजन लिहा ना, एकशे दहा किलो!"

"काकू, माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही."

काकू विचारात पडल्या. "म्हणजे तीस वर्षं मी खाऊ घातलं, ते सगळं भलतीकडेच गेलं!"

*

तरी ऑक्सिजन वर येईना. डॉक्टर म्हणाले, पालथं झोपवू, पाठीकडचं फुफ्फुस मोकळं होईल. नळ्या सांभाळत एवढा देह उलटवायला आम्ही सहा जण. "एक, दोन, तीन" म्हटलं, तर तिघांनी 'तीन'वर उचललं, तिघांनी 'तीन'नंतर! नशीब, श्वासाची नळी हलली नाही.

सावंत सिस्टर भडकल्या. "आकडे बंद! मी 'गणपती बाप्पा' म्हणते, 'मोरया'ला उचला."

या वेळी काका अलगद उलटले. पण सगळ्यात मोठा 'मोरया' दिला तो शेजारच्या बेडवरच्या आजोबांनी, ऑक्सिजनचा मास्क खाली ओढून!

"आजोबा, मास्क लावा आधी!"

*

काकांच्या आई ऐंशीच्या पुढच्या, ऐकायला कमी. मी फोनवर ओरडून सांगितलं, "आजी, काकांना पालथं केलंय! ऑक्सिजन सुधारलाय!"

"पालथा परला?" आजी खूश. "बेस झाला गो बाय! मंग रांगंल कवा?"

फोन ठेवला आणि हसता हसता मला रडूच आलं.

*

आठवड्याभराने नळी काढायची ठरली. काका स्वतःहून श्वास घेऊ शकले नाहीत, तर ती पुन्हा घालावी लागणार होती. काकू पायथ्याशी हात जोडून उभ्या.

डॉक्टरांनी नळी काढली. काका खोकले, मग डोळे मिटून गप्प पडले. सगळ्यांच्या नजरा मॉनिटरवर. माझी मात्र काकूंकडे गेली. बाईंनी श्वासच रोखून धरलेला! चेहरा लालबुंद, आता पडतात की काय!

मी ओरडले, "अहो, श्वास घ्या! श्वास घ्या!"

तर बेडवरून घोगरा, वैतागलेला आवाज आला, "घेतोय ना गो!"