चुन्याचे आकडे

ज्ञानू शिपायाने आयुष्यात एकदाच साहेबांचं ऐकलं नाही, आणि ते एकदाच त्याला नऊ वर्षं पुरलं.

तसा माणूस आज्ञाधारक. विसाव्या वर्षी पाटणहून आला, मुंबईत विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत शिपाई म्हणून चिकटला आणि सदतीस वर्षं तिथल्या पायऱ्या पुसत राहिला. काळ्या दगडाची, सव्वाशे वर्षांची इमारत. कुठल्या गोऱ्या साहेबाने बांधली ते पाटीवर होतं. दगड वडारांनी घडवले ते पाटीवर नव्हतं, ते ज्ञानू सांगायचा. लढाईच्या काळात तिथे जखमी सैनिकांच्या खाटा पडल्या होत्या, पुढे पदव्या वाटल्या गेल्या, मग निकालांचे गठ्ठे साठले आणि शेवटी मोडक्या खुर्च्या. नवा विद्यार्थी कमानीखाली थबकला की ज्ञानू हातातलं फडकं खांद्यावर टाकायचा आणि हा सगळा इतिहास त्याला ऐकवायचा. ऐकणारा कंटाळे, ज्ञानू कंटाळत नसे. दहावी नापास माणसाला विद्यापीठात एवढा एकच विषय शिकवता येत होता, तो कसा सोडेल?

मग इमारत धोकादायक ठरली. “पाडत नाही, हलवतोय,” असं तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांना सांगितलं. कमान आणि जिना दगड दगड सुटा करायचा, नव्या जागेत जसाच्या तसा उभा करायचा. प्रत्येक दगडावर आकडा घालायचं काम ज्ञानूकडे आलं, सोबत ऑइलपेंटचा डबा. दगड चारशे बारा. ज्ञानूच्या जिवावर आलं. कुणी प्रेमवीराने पायरीवर रंगाने बदाम काढला, तर हाच ज्ञानू काथ्या घेऊन दिवसभर घासत बसायचा आणि तरी डाग पुरता जात नसे. आता त्याच दगडांच्या तोंडाला आपल्याच हाताने रंग फासायचा? त्याने डबा कपाटात ठेवला, चुना कालवला, टिकावा म्हणून त्यात डिंक घातला आणि आकडे घातले. इमारत उभी राहिली की ओल्या फडक्याने पुसून घेऊ, असा त्याचा बेत.

ते दगड खाडी ओलांडून नवी मुंबईत पावणे गावाला, कंपन्यांच्या मधल्या एका उघड्या प्लॉटवर येऊन पडले. दोन पावसाळ्यांत आकडे धुऊन गेले. चुनाच तो, टिकणार किती! कुठला आकडा कुठे बसतो ती वही साहेबांच्या कपाटात, दगड इथे, आणि दोघांना जोडणारी खूण ज्ञानूने आपल्या शहाणपणाने घालवलेली.

निवृत्त झाल्यावर तो तुर्भ्याच्या खोलीतून दर रविवारी पावण्याला चालत जाऊ लागला. बायकोला, शालनला वाटे, नवरा दगडांची राखण करतोय. राखण कसली? तो आठवायला जायचा. पायऱ्यांचे दगड तो हात फिरवून ओळखी. हा तिसऱ्या पायरीचा, डाव्या अंगाला झिजलेला. हा खालचा, टवका उडालेला. कमानीचे दगड मात्र त्याला सगळे सारखेच दिसत. हात पोचेल तिथवरच त्याची ओळख. बांधकाम सुरू व्हायचं नाव नव्हतं, आणि दर वर्षी ज्ञानूला वाटायचं की आपल्यापायी इमारत अडली. जेवताना घास हातात धरून बसायचा. कुणाला सांगण्याची सोय नव्हती, कारण आकडे घालणारा तो एकटा.

गेल्या आठवड्यात विद्यापीठातून फोन आला. दगडांची पाहणी आहे, मंगळवारी हजर राहा. शालन मार्केटातल्या लसूण निवडायच्या कामावरून नुकतीच घरी आली होती. तिला त्याने पहिल्यांदा सगळं सांगितलं.

“आता सायबाम्होरं कबूल करतो,” तो म्हणाला. “काय व्हायचं ते होऊ दे. दगड तरी उभं ऱ्हातील.”

मंगळवारी तो ऑइलपेंटचा नवा डबा आणि ब्रश घेऊन गेला. विश्वजित नावाचा तरुण इंजिनियर फाइल घेऊन आला होता.

“सायेब, माझ्याकडनं चूक झालीया,” ज्ञानू म्हणाला, आणि चुन्याची गोष्ट एका दमात सांगून मोकळा झाला.

विश्वजितचा चेहरा उजळला. “म्हणजे एकाही दगडाची ओळख पटत नाही?”

“पायऱ्या लावून देतो की. आठ दिवस द्या. कमानीचं तेवढं वहीत बघून...”

“काका, टेन्शन नका घेऊ. ऑफिस हलवलं तेव्हा वही रद्दीत गेली. आणि इमारत परत बांधायचा प्रस्ताव कधी झालाच नव्हता. हे दगड आता खडी करायला क्रशरला द्यायचेत. फाइलमध्ये कारण लागतं, ते तुम्ही दिलंत. इथे सही करा, बास.”

“ऑइलपेंटनं लिवलं असतं तर?”

“तर दुसरं कारण शोधलं असतं,” विश्वजित म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्याला बेलापूरला मीटिंग होती.

ज्ञानूने सही केली. वळणदार, सावकाश, पगारपत्रकावर करायचा तशी.

घरी शालन दारातच उभी होती. न उघडलेला डबा पाहून ती चरकली. “काय म्हणालं सायेब? लई बोललं का?”

“न्हाय. माझ्यामुळं कायबी अडलं न्हवतं, म्हणं.”

“मग सुटलासा की! नऊ वर्सं जिवाला घोर लावून घेतलासा.” तिला खरंच हायसं वाटलं. तिने त्याच्या हातातला डबा घेतला, आणि मग तिला दिसलं की तो रडतोय. लग्नाला अडतीस वर्षं झाली, सासू गेली तेव्हाही तिने त्याला असं पाहिलं नव्हतं.

“अवो, रडताय कशापायी? तुमची चूक न्हवती म्हणत्यात न्हवं?”

ज्ञानू उंबऱ्यावर बसला. “माझी चूक असती तर बरं झालं असतं, शालन,” तो म्हणाला. “मग इमारत बांधायचं कुणाच्या तरी मनात हुतं, असं झालं असतं.”