कॉइलचं औषध

सकाळपासून धुकं जमिनीला चिकटून बसलं होतं. समोरची भिंतसुद्धा दिसेना. वहिनींनी मात्र नणंदेच्या लॉन्ड्रीचं मागचं दार उघडून ड्रमभर पाण्यात औषध ओतायला घेतलं होतं. आधी औषध, मग ॲसिड, हा सासऱ्यांनी घालून दिलेला क्रम. बॉयलरची पोटं साफ करायचा त्यांचा धंदा त्यांच्यामागे सुनेनं उचलला आणि तिला तो मानवलाही. औषध म्हणजे काळपट, कुजक्या मासळीच्या वासाचं रसायन. ते लोखंडाला असं बिलगून बसतं की ॲसिड आतला क्षार खातं, लोखंडाला हात लावत नाही. "तू आलीस हे मला कोपऱ्यावरच कळतं," नवरा नाक दाबून म्हणायचा आणि तरी चहा हातात द्यायचा.

आजची कॉइल, म्हणजे बॉयलरच्या पोटातलं पाण्याच्या नळ्यांचं वेटोळं, जुनी, नळ्या झिजलेल्या. ती फुटली तर लॉन्ड्रीला कुलूपच.

औषधामागून बेतानं ॲसिड पडलं, पंप ते पाणी कॉइलमधून फिरवू लागला, ड्रममध्ये फेस उसळला. वहिनी बाहेर ॲसिड मारायला सोड्याचं पाणी कालवून परत येतात तो नणंद हातात रिकामा कॅन घेऊन उभी!

"वन्सं, हे काय केलंत?"

"अगं, फेस बसला होता. म्हटलं, जोर संपला. म्हणून उरलेलं ॲसिडही ओतलं."

"फेस बसला म्हणजे क्षार संपला! आता त्याला खायला तुमची कॉइलच उरली की हो!"

"अगं बाई, मेले मी!"

वहिनींनी झटक्यात सगळं सोड्याच्या पाण्यात सोडून दिलं, कॉइल पाण्यानं धुतली. मग ड्रममध्ये दोऱ्याला टांगलेली पट्टी बाहेर काढली. कॉइलच्याच जातीचं पोलाद. सासरे तिला साक्षीदार म्हणत. कॉइलवर जे गुदरलं, ते पट्टीवरही गुदरणार. वहिनींनी ती पुसली, कडेवरून नख फिरवलं. कड तशीच धारदार, अंगावर एक खड्डा नाही.

तरी त्यांनी कॉइलमध्ये पाणी भरून हातपंपानं दाब दिला. दाबाच्या काट्यावर दोघींचे डोळे. काटा चढला तिथून खाली येईना, म्हणजे गळती नाही.

"जुनी म्हणून औषध सढळ हातानं घातलं होतं," वहिनी म्हणाल्या.

नणंद मटकन पाटावर बसली. "आता ह्या वासाला कधी नावं ठेवणार नाही, बाई."

"ठेवा की खुशाल. फक्त कॅनला हात लावू नका."

दोघी हसल्या. नणंद चादरींकडे वळली आणि वहिनी पदर खोचून ड्रम घासायला बसल्या.