काकाची नापास पाखरं

माझ्या काकाने बत्तीस वर्षं एकाच शब्दावर पगार घेतला: "परत." पिना बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस होता. पिन सात मिलिमीटर जाड म्हणजे सातच. केसभर इकडेतिकडे झाली की माल परत. कामगार त्याला परतकाका म्हणायचे, धीट असले तर तोंडावरही. घरी तो काकडीच्या चकत्यासुद्धा निरखून बघायचा.

"अहो, मग मला कसं पास केलंत?" काकूने एकदा विचारलं.

"त्या दिवशी जाडी मोजायचा व्हर्नियर घरी राहिला होता," काका म्हणाला. पुढे दोन दिवस त्याला काकडी मिळाली नाही.

तो निवृत्त झाला आणि काकू जेरीस आली. घरातली एकूण एक खुर्ची डुगडुगते, हे त्याने आठवडाभरात सिद्ध केलं. मी तेव्हा पीएचडीसाठी माळावरची पाखरं मोजत होते. चिमणीएवढी, छातीवर ठिपके, दिवसभर बिया फोडून खाणारी. पाखरू पकडायचं, चोचीची जाडी मोजायची, पायात नंबराचं कडं घालून सोडायचं आणि पुढच्या वर्षी कोण उरलं ते बघायचं. काकूने मला हात जोडले. "ने गं बाई ह्यांना. मोजायला दे काहीतरी."

काका रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मी जाळी सांभाळायची. तो झाडाखाली घडीच्या टेबलाशी बसून मापं घ्यायचा, कडी घालायचा, वही लिहायचा. पाखरू त्याच्या मुठीत इतकं निवांत बसायचं की मला हेवा वाटायचा. "इतके सारखे आकडे मी आजवर पाहिले नाहीत," वही बघून आमच्या गाईड बाई म्हणाल्या. माझी अक्कल गहाण पडलेली. मला ते कौतुक वाटलं.

त्या वर्षी पाऊसच झाला नाही. गवत वाळलं, बारीक मऊ बिया संपल्या. उरली काटेरी झुडपं आणि त्यांच्या खड्यासारख्या टणक बिया. पुढच्या हंगामात, जिथे शेकड्यांनी पाखरं यायची तिथे जेमतेम एक्केचाळीस आली. चोची बघाव्यात तर एकेक पक्कड. आणि त्यातल्या तीस जणांच्या पायात कडंच नाही.

"नवीन आली असतील कुठून तरी," मी म्हणाले.

"नवीन कसली?" काका एकाला उलटंसुलटं करत म्हणाला. "ह्याच्या डोळ्यावर पांढरा डाग आहे ना, हे गेल्या वर्षी माझ्या हातातून गेलंय. चोच साडेसात मिलिमीटर भरली होती."

"मग कडं कुठाय?"

"नापास मालाला नंबर कशाला?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पहिल्याच दिवशी त्याने मनाशी हद्द आखली होती: साडेसहा ते सात. त्याबाहेरचं पाखरू कडं न घालता सोडून द्यायचं, वहीत घ्यायचं नाही.

"अरे काका, सगळी सारखीच असती तर दुष्काळाने निवडलं कशातून असतं? जाड चोचीची टणक बी फोडून जगली, बारीक चोचीची उपाशी मेली. हेच तर मला दाखवायचं होतं! आणि तू नेमकी तीच सोडलीस?"

"मापात नाही ते पुढे पाठवायचं नसतं," तो पुटपुटला.

"कुणाच्या मापात? ह्यांचं कारखान्यातल्यासारखं ड्रॉइंग काढलंय का कुणी?"

 मी नको ते बोलले. माझ्या दोन वर्षांची माती केलीस, म्हणाले. त्याचा चेहरा पाहून लगेच वाईट वाटलं, पण शब्द काही परत घेता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला न सांगता तो गाईड बाईंकडे गेला. चूक माझी, पोरीची नाही, म्हणाला. किती सोडली तेही तोंडपाठ सांगितलं: जाड सत्तर, बारीक चव्वेचाळीस. बाई म्हणाल्या, स्मरणशक्ती झकास आहे, पण पुरावा वहीत लागतो. पहिलं वर्ष बाद झालं. उरलेली पाखरं आणि त्यांची पिल्लं, एवढ्यावर एक हंगाम मिळाला. नाही जमलं तर विषय सोडायचा.

काका यायलाच तयार नव्हता. शेवटी काकूने त्याचा शर्ट इस्त्री करून दारात टांगला, तेव्हा निघाला. उडायच्या बेतातली पिल्लं आम्ही घरट्याघरट्यात जाऊन मोजली. जाड चोचीवाल्यांची पिल्लं बहुतेक आईबापांवरच गेली होती. "आपल्या घराण्याचं नाकही असंच," काका म्हणाला, "कितीही सुना आणा, हटत नाही." वहीत आता सहाशेजारी आठ, आठाशेजारी साडेसहा. बाईंनी ती चाळली आणि म्हणाल्या, "हं, आता ही पाखरं वाटतात." विषय वाचला. मी काकाला मिठी मारली, तर म्हणाला, पेन टोचेल.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या घरट्यात एक पिल्लू निघालं. चोच जेमतेम पाच, सुईसारखी. माळावर अजून सगळ्या टणकच बिया. काकाने तीनदा मोजलं.

"हे काही जगत नाही," मी म्हणाले.

"ठरवणारी तू कोण?" काका असा खेकसला की पिल्लूही दचकलं. "उद्या पाऊस पडला, बारीक गवत उगवलं, तर?"

त्याने पिल्लाच्या पायात कडं घातलं. नंबर लिहिला, माप लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. मग त्याने लिहिलं, "बघू."