दुसऱ्याचं 'मी'

कोल्हापूरच्या जिल्हा कोर्टात कन्नड बोलणारा साक्षीदार आला की शहाजादी नदाफला बोलावणं जातं. एरवी ती बागल चौकामागच्या गल्लीत नवऱ्याच्या, म्हणजे ख्वाजाच्या, गाद्यांच्या दुकानात उशांना टाके घालत बसलेली असते. माहेर सीमेपलीकडचं, म्हणून कन्नड अंगणात खेळता खेळताच आलेलं. कायद्याचे शब्द मात्र तिनं कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलांचं डोकं खाऊन मिळवले. सरतपासणी म्हणजे साक्षीदार ज्यानं आणला त्याच्या वकिलाचे प्रश्न. उलटतपासणी म्हणजे समोरच्या वकिलानं काढलेला घाम. फितूर म्हणजे पोलिसांना एक सांगून कोर्टात भलतंच बोलणारा. खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक डोक्यात बसायला तिला अख्खा उन्हाळा लागला होता.

या सगळ्याहून अवघड आहे एक साधा नियम. साक्षीदार 'मी पाहिलं' म्हणाला, तर दुभाष्यानंही 'मी पाहिलं' असंच म्हणायचं. 'तो म्हणतो, त्यानं पाहिलं' हे चालत नाही. पदरचा शब्द घालायचा नाही, त्याचा गाळायचा नाही, साक्षीदाराशी आपलं असं काही बोलायचं नाही. कोर्टाला यात काहीच वावगं वाटत नाही. मागच्या बाकांवर बसणाऱ्या माणसांना मात्र हे कुणी समजावून सांगत नाही, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

खटला गुऱ्हाळावरच्या मरणाचा होता. केरबा नावाचा गुळव्या, म्हणजे गूळ रांधणारा कारागीर, उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीत पडून मेला. मालकाचा मुलगा विजयसिंह म्हणत होता, पाय घसरला. पोलीस म्हणत होते, विजयसिंहनं भांडणात ढकललं. बघणारी दोनच माणसं होती, काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं घालणारं जोडपं, यल्लव्वा आणि बसाप्पा. दोघांनाही मराठी येत नव्हतं.

पहिली साक्ष यल्लव्वाची झाली. तीनेक वर्षांची लेक तिच्या पदराला धरून उभी होती. यल्लव्वा खाली मान घालून पुटपुटायची आणि शहाजादी खणखणीत आवाजात सांगायची, "मी पाहिलं. विजयसिंहनं केरबाला दोन्ही हातांनी ढकललं. मी ओरडले, तेव्हा त्यानं मला गप्प बसायला सांगितलं." वेळ संपली, उलटतपासणी पुढल्या तारखेवर गेली. मागच्या बाकावर विजयसिंहची आई बसली होती. सारा गाव तिला आक्का म्हणतो. आक्कानं यल्लव्वाकडे एकदाही पाहिलं नाही. तिची नजर शहाजादीवर खिळलेली होती.

दोन दिवसांनी आक्का दुकानात आली. सोबत पुतण्या राजवीर, तो दारातच उभा राहिला. आक्का कापसाच्या ढिगाशेजारी बैठक मारून बसली.

"माज्या लेकाचं काय वाकडं हाय गं तुजं?"

"काय न्हाय, आक्का. मी काय बी बघितलेलं न्हाय. ती बाई कन्नडात बोलती, मी मराठीत सांगतो."

"मग 'तिनं बघितलं' आसं म्हण की. 'मी बघितलं' कशापायी म्हणतीस? समद्यांच्या म्होरं बोललीस, मी ह्या कानांनी ऐकलंय."

"कोर्टाचा नियम हाय, आक्का."

"नियम तुजा, लेक माजा," आक्का म्हणाली. तिनं मूठभर कापूस उचलला, बोटांनी पिंजला, परत टाकला. "नवरा चांगला हाय तुजा. दुकान बी चांगलं हाय. कापसाचं हाय, न्हवं का?"

एवढंच बोलून ती उठली. राजवीरनं जाताना ख्वाजाला अगदी अदबीनं हात जोडले, आणि ख्वाजाच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या दिवसापासून गल्लीत मोटारसायकल थांबायला लागली. कोणी काही बोलत नव्हतं, धमकावत नव्हतं. नुसती थांबायची आणि जायची. ख्वाजा दिवसातून दहादा कापसाजवळ पाण्याच्या बादल्या भरून ठेवायचा. दिवेलागणीला दुकानाचं शटर ओढलं की तो बायकोला म्हणायचा, "अबी टैम हाय, शहाजादी. बीमार हूं बोल दे."

तिलाही वाटायचं, द्यावं कळवून. भीती काय तिला वाटत नव्हती? चांगली वाटत होती. पण आपण गेलो नाही तर तारीख पडणार, दुसरा दुभाषी मिळेपर्यंत हंगाम संपणार, आणि गुऱ्हाळावरची माणसं एकदा पांगली की कोणत्या मुलखात शोधायची? मग केरबा घसरूनच मेला असं ठरणार. तिनं नाही म्हटलं. ख्वाजा त्यानंतर तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला.

पुढल्या तारखेला यल्लव्वा आली. पदराला लेक नव्हती.

पोर कुठाय, असं शहाजादीच्या ओठांवर आलं. पण साक्षीदाराशी आपलं बोलायचं नाही. ती शपथ घेऊन यल्लव्वाच्या शेजारी उभी राहिली. विजयसिंहच्या वकिलानं विचारलं, तुम्ही काही पाहिलं का? यल्लव्वानं रिकामा पदर मुठीत धरला. तिनं जे सांगितलं, ते शहाजादीला जसंच्या तसं बोलावं लागलं.

"मी काही पाहिलं नाही. केरबा घसरून पडला. मागच्या वेळी पोलिसांच्या भीतीनं मी खोटं बोलले."

कोर्टात कुजबुज झाली. सरकारी वकील तडक उठले, साक्षीदार फितूर झाली आहे म्हणाले. मग त्यांनी खोदून खोदून विचारलं, दबाव आहे का, कुणी भेटलं का? यल्लव्वा नाही म्हणाली, म्हणून शहाजादीही नाही म्हणाली. स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या आवाजात. आपणच काहीतरी पाप करतोय असं तिला वाटत होतं आणि एक अक्षर इकडचं तिकडं करायची सोय नव्हती.

बाहेर व्हरांड्यात आक्कानं तिला गाठलं. भल्या थोरल्या घरची ती बाई शहाजादीच्या पायांना हात लावायला वाकली.

"लेकरू वाचवलंस माजं. हितनं म्होरं तू माजी भन."

"आक्का, ते मी न्हाय बोललो..."

"कळतंय मला. नियम हाय." आक्का हसली आणि डोळे पुसत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गुळाची ढेप आली. त्याच गुऱ्हाळावरची. शहाजादीनं ती घरात नेऊ दिली नाही. दुकानाच्या कोपऱ्यात पडल्या पडल्या ढेपेला मुंग्या लागल्या. मोटारसायकल यायची थांबली. ख्वाजाला वाटलं, बायकोला अखेर अक्कल आली, आणि तो पुन्हा तिच्याशी गप्पा मारू लागला. ती त्याला समजावत राहिली की मी काहीच केलेलं नाही. तो मान डोलावायचा आणि डोळा मिचकावायचा. सख्खा नवरा असा, तर आक्काला काय बोल लावायचा?

तिसऱ्या तारखेला बसाप्पाची साक्ष होती. शहाजादी पोचली तेव्हा तो व्हरांड्यात यल्लव्वाशेजारी उकिडवा बसला होता, आणि त्याच्या खांद्यावर ती पोर झोपली होती. शहाजादी तिथंच थबकली. पोर परत दिली होती. बसाप्पाच्या मागे-पुढे कुणी माणूसही ठेवलेला नव्हता. का ठेवतील? आक्का आणि राजवीरच्या लेखी बसाप्पा काय, यल्लव्वा काय, नुसते हातवारे करणारे. कोर्ट ऐकतं ते शहाजादीचं, आणि शहाजादी आता आपली. पोर उचलून यल्लव्वाला धाक घातला खरा, पण कोर्टात बाजू फिरवली ती शहाजादीनं, मग आता साक्षीदारांवर पहारा कशाला, असा त्यांनी हिशेब मांडला होता.

आक्का आज पहिल्या बाकावर होती. शहाजादीला बघून तिनं लाडानं मान हलवली. राजवीर शेजारी बसून मोबाइल चाळत होता. शहाजादीनं शपथ घेतली.

सरकारी वकिलांनी विचारलं, त्या दिवशी काय घडलं? बसाप्पानं लेकीला बायकोच्या हाती दिलं, कठड्याला धरलं आणि मान वर करून बोलू लागला. अडखळला नाही. केरबाला कुणी ढकललं ते सांगितलं. पोर कुणी उचलून नेली होती, बायको खोटं का बोलली, तेही सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. मग तो थांबला आणि त्यानं शहाजादीकडे पाहिलं. त्याचं बोलून झालं होतं.

कन्नड आणि मराठी दोन्ही कळणारं शहाजादीखेरीज कोर्टात कुणी नव्हतं.

"मॅडम?" जज्जसाहेब म्हणाले. टंकलेखकाची बोटं वर धरलेली होती.

शहाजादीला दुकान दिसलं, कापसाचे ढीग दिसले, गल्ल्यावर बसलेला ख्वाजा दिसला. मुलाचं, पुतण्याचं नाव कानावर पडूनही समोर आक्का अजून निर्धास्त, कौतुकानं हसत होती.

"मी पाहिलं," शहाजादी म्हणाली. "विजयसिंहनं केरबाला ढकललं. मग राजवीरनं माझी लेक उचलून नेली."

राजवीरचा अंगठा मोबाइलवर थांबला. आक्काचं हसू मावळलं. तिनं बसाप्पाकडे बघितलंसुद्धा नाही. ती शहाजादीकडेच बघत राहिली आणि पुतण्याला हळूच म्हणाली, "जा, दुकान उघडं आसंल आत्ता."

राजवीर उठून बाहेर गेला. साक्ष संपेपर्यंत शहाजादीला जागा सोडता येत नव्हती. सरकारी वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि ती बसाप्पाकडे वळून तो कन्नडमध्ये सांगू लागली.